व्याघ्रमुखी राक्षस : भूमिकाखेळांतील एका प्रतिमेची घडण

१

परंपरेचे नाव धारण करणारी प्रत्येक प्रतिमा परंपरेतूनच आलेली असते, असे गृहीत धरण्याकडे अभ्यासकांचाही कल असतो. नाव जुने असले की रूपही जुनेच असावे, अशी समजूत सहज होते. पाश्चात्त्य अद्भुतरम्य भूमिकाखेळांत सुमारे पन्नास वर्षे वावरत असलेला 'राक्षस' या समजुतीची परीक्षा घेण्यास फार उपयुक्त आहे. व्याघ्राचे मस्तक, मनुष्याचे शरीर, अंगावर उंची वस्त्र आणि उलटे वळलेले तळहात, अशी त्याची मूर्ती या खेळांच्या खेळाडूंना सर्वत्र परिचित आहे. त्याचे नाव संस्कृत आहे. तो प्रथम भारतात आढळला, असे त्याच्या मूळ वर्णनातच सांगितलेले आहे. तरीही रामायण-महाभारतातील कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसापुढे ही मूर्ती ठेवली, तर तो तिला राक्षस म्हणून ओळखील, असे वाटत नाही. ही ओळख कोठे तुटली, तुटताना काय गेले व काय राहिले, आणि गेलेल्याची जागा कशाने भरून निघाली, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्या खेळात ही मूर्ती घडली, त्याचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगणे अवश्य आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावच्या 'टीएसआर' या संस्थेने तो प्रसिद्ध केला. पटावर सैन्ये मांडून खेळावयाच्या युद्धखेळांतून तो निघाला. यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो; एक जण मात्र पात्र न होता सूत्रधार होतो. त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. भोवतालचे जग, त्यातील माणसे आणि वाटेत आडवे येणारे अक्राळविक्राळ प्राणी या सर्वांच्या वतीने तोच बोलतो. कृतीचे यशापयश फाशांनी ठरते आणि फाशांचा अर्थ नियमग्रंथातील सारण्यांनी लावावयाचा असतो. त्यामुळे प्रत्येक प्राण्याची एक नोंद तयार करावी लागते : त्याचे बळ किती, कवच किती, त्याच्याजवळ धन कोणते आणि त्याचा नैतिक कल कोणता. ग्रीक पुराणांतील मेदूसा, अरबी कथांतील जिन, टोल्किनच्या कादंबऱ्यांतील ऑर्क आणि रचनाकारांनी स्वतः कल्पिलेले कित्येक प्राणी अशा नोंदींत शेजारी शेजारी येऊन बसले. राक्षसही त्यांपैकीच एक होय.

२

राक्षसाचे भारतीय चरित्र एकजिनसी नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एकशे चौथ्या सूक्तात रक्षसांच्या व यातूंच्या नाशाची प्रार्थना आहे. तेथे ते घुबड, कुत्रा, गिधाड अशा रूपांनी हिंडणारे, रात्री यज्ञ बिघडविणारे उपद्रवी जीव आहेत. त्यांना कुल नाही, नगर नाही, वैयक्तिक नावही क्वचितच आहे. रामायणात हे चित्र पालटते. उत्तरकांडातील कथेनुसार ब्रह्मदेवाने जल उत्पन्न केले व त्याच्या रक्षणासाठी प्राणी निर्माण केले. त्यांपैकी ज्यांनी रक्षणाचे वचन दिले ते राक्षस झाले. म्हणजे ज्या शब्दाने भयाची आठवण व्हावी, त्याच शब्दाची व्युत्पत्ती रक्षणाच्या कर्तव्याशी जोडलेली आहे. पुढे हेति-प्रहेति, सुकेश, माल्यवान, सुमाली व माली अशी वंशपरंपरा येते. सुमालीची कन्या कैकसी आणि पुलस्त्यपुत्र विश्रवा यांच्यापासून रावण, कुंभकर्ण, शूर्पणखा व बिभीषण जन्मतात. राक्षसाला आता आजोळ आहे, पितृकुल आहे, नगर आहे. लंकेत सीतेचा शोध घेणाऱ्या हनुमंताच्या कानी पहाटेच्या सुमारास वेदघोष पडतो, तो राक्षसांच्याच घरांतून.

या चरित्रात दोन गुण विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला कामरूपित्व, म्हणजे इच्छेस येईल ते रूप घेण्याची शक्ती. मारीच सुवर्णमृग होतो, रावण परिव्राजक होऊन पर्णकुटीच्या दारी येतो, महाभारतातील हिडिंबा भीमासाठी सुंदर स्त्रीचे रूप घेते. दुसरा गुण असा की, राक्षस होणे हे जन्माने ठरत असले, तरी कसे वागावे हे जन्माने ठरत नाही. बिभीषण भावाचा पक्ष सोडतो. कुंभकर्ण भावाची चूक त्याच्या तोंडावर दाखवितो आणि तरीही त्याच्यासाठी लढून मरतो. त्रिजटा सीतेला धीर देते. हिडिंबेचा पुत्र घटोत्कच पांडवांच्या बाजूने प्राण देतो. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात तर स्वामिनिष्ठेचा आदर्श असलेल्या अमात्याचे नावच राक्षस आहे. केरळच्या कथकली नाट्यात रावणाची रंगभूषा 'कत्ति' या वर्गात मोडते. तीत नायकाचा हिरवा रंग आधार म्हणून असतो व त्यावर तांबड्या रंगाची वळणे काढलेली असतात. शौर्य आणि उद्दामपणा यांचे मिश्रण तेथे चेहऱ्यावरच लिहिलेले असते.

राक्षसांची मूळ रूपे कशी असतात, याविषयी मात्र परंपरा मुद्दाम अनिश्चित राहिली आहे. सुंदरकांडात अशोकवनातील राक्षसींचे जे वर्णन येते, त्यात कोणी एकाक्षी, कोणी एककर्णी, कोणी लंबकर्णी आहे. कोणाची मुखे वराहाची, कोणाची मृगाची, कोणाची महिषाची, कोणाची बकरीची, कोणाची कोल्हीची आहेत. याच गर्दीत व्याघ्रमुखही आहे. यावरून व्याघ्रमुखी राक्षस भारतीय कल्पनेस अगदीच अपरिचित होता, असे म्हणता येत नाही. परंतु तो एका गर्दीतील एक चेहरा होता. त्या गर्दीचा हेतूच असा की, राक्षसाला ठराविक मुख नाही हे श्रोत्याच्या मनावर ठसावे.

३

भूमिकाखेळातील राक्षस मात्र वाल्मीकीकडून आला नाही. तो दूरचित्रवाणीवरून आला. १९७४-७५ या वर्षी अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' ही मालिका चालू होती. शिकागोतील एक वार्ताहर दर आठवड्यास एखाद्या अमानुष संकटाचा माग काढतो, असा तिचा साचा होता. २० डिसेंबर १९७४ रोजी प्रक्षेपित झालेल्या 'हॉरर इन द हाइट्स' या भागात शहरातील वृद्ध ज्यूंच्या वस्तीत नरमांसभक्षक राक्षस अवतरतो. तो प्रत्येकाच्या मनातील विश्वासाच्या माणसाचे रूप घेतो. बळी पडणारा आपणहून त्याच्या मिठीत जातो. एक वृद्ध हिंदू त्याचा पाठलाग करीत असतो. त्याने भिंतींवर काढलेली स्वस्तिके पाहून वस्तीतील ज्यू रहिवाशांना नाझी अत्याचारांची आठवण होते. शेवटी राक्षस वार्ताहराच्या कार्यालयातील एका प्रेमळ वृद्धेचे रूप घेऊन त्याच्यापुढे उभा राहतो आणि वार्ताहराला त्याच रूपावर आडव्या धनुष्यातून मंत्रपूत बाण सोडावा लागतो.

हा भाग जिमी सँग्स्टर या ब्रिटिश पटकथाकाराने लिहिला होता. हॅमर या चित्रपटसंस्थेच्या १९५८ सालच्या 'ड्रॅक्युला' चित्रपटाची पटकथाही त्याचीच. हे लक्षात घेतले म्हणजे मंत्रपूत बाणाचे मूळ कोठे शोधावे, याचा तर्क करणे कठीण नाही. रक्तपिपासू पिशाचाला पवित्र जलाने वा क्रूसाने हटवावे, लाकडी खुंटाने भोसकावे, हा युरोपीय भयकथांचा संकेत आहे. तोच संकेत येथे हिंदू वेष घेऊन आला असावा.

पुढील वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, टीएसआर संस्थेच्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्राच्या पाचव्या अंकात राक्षसाची नोंद प्रसिद्ध झाली. ती या मालिकेवरून सुचल्याचे गायगॅक्स यांनी पुढे स्वतःच सांगितले. १९७७ साली 'मॉन्स्टर मॅन्युअल' हा साडेतीनशेहून अधिक प्राण्यांचा कोश निघाला, त्यात ती नोंद समाविष्ट झाली. नोंद मोजक्याच वाक्यांची आहे. देहात कोंडलेले हे दुष्ट आत्मे प्रथम भारतात आढळले व आता पसरत आहेत. त्यांना नरमांस प्रिय आहे. ते दुसऱ्याचे मन वाचून त्याला जे स्नेहाचे वाटेल त्याचा आभास उत्पन्न करतात. आठव्या पातळीखालील मंत्र त्यांच्यावर चालत नाहीत, साध्या शस्त्रांनी ते जखमी होत नाहीत. धर्मगुरूने मंत्रविलेला आडव्या धनुष्याचा बाण लागला तर मात्र ते मरतात. मनोवेध, आभास, विश्वासघात आणि बाण ही चारही अंगे मालिकेतील भागाशी जुळतात. काव्यातील राक्षसाचा जो गुण येथवर पोहोचला, तो कामरूपित्व होय, आणि तोही दुसऱ्या हाताने. कुल, नगर, नाती, वर, शाप यांपैकी काहीही पोहोचले नाही. नैतिक कलाच्या रकान्यात शिस्तबद्ध दुष्टता असा निर्वाळा छापला गेला.

१९८० साली याच संस्थेने 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' हा देवदेवतांचा कोश काढला. त्यात भारतीय दैवतांचे स्वतंत्र प्रकरण आहे. अग्नी, इंद्र, वरुण, विष्णू, यम हे सर्व तेथे आहेत. म्हणजे देव एका ग्रंथात आणि राक्षस दुसऱ्या ग्रंथात, अशी विभागणी झाली. रामायणात ज्यांचे भांडण एकाच वंशवृक्षाच्या फांद्यांवर चालते, त्यांची येथे भेट होण्याचेही कारण उरले नाही.

४

नोंदीतील या मजकुरात व्याघ्रमुखाचा कोठेही उल्लेख नाही. ते मुख डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराने १९७७ च्या कोशातील चित्रात दिले. चित्रातील आकृतीला वाघाचे मस्तक आहे, अंगावर धनिक इंग्रज गृहस्थ धूम्रपानाच्या वेळी घालीत तसा झगा आहे व जवळ धूम्रपानाचा पाइप आहे. चित्र उत्कृष्ट आहे यात शंका नाही. हिंस्र पशूचे मुख आणि दिवाणखान्यातील निवांतपणा यांच्या विरोधातून येणारे भय केवळ दात-नखे दाखवून साधले नसते.

परंतु ही आकृती कोणाची, हा प्रश्न विचारला पाहिजे. वाघ हे इंग्रजी कल्पनेत दीर्घकाळ हिंदुस्थानचे प्रतीक होते. टिपू सुलतानाने करवून घेतलेले, इंग्रज शिपायाचा घास घेणाऱ्या वाघाचे यंत्र १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या विजयाच्या स्मरणार्थ काढलेल्या पदकावर ब्रिटिश सिंह वाघाला खाली दाबीत आहे. किपलिंगच्या १८९४ सालच्या 'द जंगल बुक' मधील खलनायक शेरखान हाही वाघच. ट्रॅम्पियरच्या मनात यांपैकी नेमके काय होते, हा प्रश्न गौण आहे. ज्या चित्रभाषेत तो काढीत होता, तीत 'भारत' म्हटल्यावर वाघ हाताशी येणे स्वाभाविक होते. पुढे १९८९ साली सुरू झालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळात राक्षसांच्या समाजव्यवस्थेचे वर्णन आले, त्यात राजा, महाराजा अशा पायऱ्या होत्या. रेशमी झग्यातील वाघाला ही पदवी मिळाली तेव्हा वर्तुळ पूर्ण झाले. खेळातील राक्षस लंकाधिपतीपेक्षा वसाहतकाळातील संस्थानिकाच्या व्यंगचित्राला अधिक जवळचा झाला : सभ्य, सुखासीन, कपटी आणि अंतर्यामी क्रूर.

महाराष्ट्रातील लोकपरंपरेशी तुलना केली तर हे परकेपण अधिक स्पष्ट होते. वारली व इतर वननिवासी समाजांत आणि कोकणातील गावांत वाघ वाघोबा वा वाघदेव म्हणून पुजला जातो. देवीचे वाहनही तोच. लोककथेतील राक्षस वेगळा असतो. तो मनुष्याच्या वासाने सावध होतो, राजकन्येला डांबून ठेवतो, आणि त्याचा प्राण सातासमुद्रांपलीकडील पोपटात असतो. वाघ आणि राक्षस या दोन भयांची येथे कधी गल्लत होत नाही. वाघाच्या भयात आदर आहे, राक्षसाच्या भयात कोडे आहे.

दुसऱ्या आवृत्तीने एके ठिकाणी मात्र मूळ परंपरेच्या दिशेने पाऊल टाकले होते, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. राक्षसांचे रूप एकसारखे नसते, निरनिराळ्या पशूंची अंगे त्यांना असतात, वाघ व वानर यांची विशेष. अतिश्रेष्ठ राक्षसांना कधी अनेक मस्तकेही असतात, असे तीत म्हटले आहे. अशोकवनातील गर्दीची आणि दशमुखाचीही ही दूरची आठवण होय. परंतु चित्राने मजकुरावर मात केली. २०१४ साली 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या 'खान्स ऑफ टारकिर' या संचात राक्षस आले, तेव्हा त्यांच्या पत्त्यांवर वर्ग म्हणून मार्जार व दानव हे दोन शब्द छापलेले होते. मार्जारजातीचा असणे हे आता राक्षसाचे लक्षणच ठरले. ज्याला निश्चित मुख नाही हीच ज्याची ओळख, तो एका ठराविक मुखाने ओळखला जाऊ लागला. या इतिहासातील मुख्य विरोधाभास हाच आहे.

५

रूपाच्या बदलापेक्षाही गंभीर बदल मरणाच्या कारणात झाला आहे. रावणाने वर मागताना देव, दानव, यक्ष, गंधर्व यांच्याकडून अवध्यत्व मागितले. मनुष्यांना तृणवत् मानून त्यांचे नाव घेतले नाही. त्याचे मरण त्या न घेतलेल्या नावात आहे. म्हणजे मर्मस्थान हे स्वभावातून निघते. वध हा चरित्राचा निष्कर्ष ठरतो. लोककथेतील पोपटाची गोष्टही याच जातीची आहे. प्राण कोठे आहे हे राक्षस स्वतःच, विश्वासाने वा बढाईने, बंदिवान राजकन्येला सांगून बसतो. त्याचे गुपित त्याच्याच तोंडून फुटते.

मंत्रपूत बाणाला असा काहीच अर्थ नाही. तो राक्षसाविषयी काही सांगत नाही. मरण कसे घडवावे एवढीच त्यात माहिती आहे. शिवाय खेळातील गुपित छापील असते. सूत्रधाराचा कोश खेळाडूही विकत घेऊन वाचतात. त्यामुळे पहिल्या भेटीत जे रहस्य असते ते दुसऱ्या भेटीत सामान्यज्ञान होते. नियमांत झालेले फेरफार या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मंत्रपूत बाण टिकून होता. २००३ च्या संशोधित आवृत्तीत तो गेला आणि सत्प्रभाव असलेल्या, भोसकणाऱ्या शस्त्रांची साधारण अट आली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सज्जनाच्या हातातील मंत्रसिद्ध, भोसकणारे शस्त्र अधिक घातक ठरते, एवढाच त्या बाणाचा अवशेष राहिला. बाणाची टोचणी उरली; तो बाण का, हे विचारणारा कोणी राहिला नाही.

याच पाचव्या आवृत्तीने राक्षसाचे जन्मस्थानही बदलले. पूर्वी सैतानांनी एका गूढ विधीने त्यांना निर्माण केले, त्यांचे मूळ घर नवनरकांत आहे, आणि पृथ्वीवर मारला गेलेला राक्षस नरकात परत जाऊन कालांतराने नवे शरीर धारण करतो व मारणाऱ्याचा सूड घेतो, असे तेथे सांगितले आहे. १९७५ साली भारतातून पसरू लागलेला राक्षस ३९ वर्षांनी नरकवासी झाला. या स्थलांतराचे मूल्य दुहेरी आहे. एका देशाला दुष्ट आत्म्यांचे उगमस्थान ठरविणारे वाक्य नाहीसे झाले, ही इष्टच गोष्ट झाली. परंतु त्याबरोबर दुसरी वाटही बंद झाली. जून २०२० मध्ये प्रकाशकसंस्था 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' हिने जाहीर केले की, ऑर्क व ड्रो यांसारख्या समाजांना जन्मतः दुष्ट न दाखविता इतर समाजांप्रमाणेच नैतिकदृष्ट्या गुंतागुंतीचे दाखविले जाईल. राक्षसाला या विचाराचा लाभ होण्याचे कारण नव्हते. कारण तोवर तो समाज राहिलाच नव्हता, नरकातील द्रव्य झाला होता. ऑर्कांत बिभीषण जन्मू शकतो. ज्या जातीने जगाला बिभीषण दिला, तिच्यात मात्र तो जन्मू शकत नाही.

याला अपवाद करण्याचा एक विचारपूर्वक प्रयत्न झाला आहे. कीथ बेकर यांच्या कल्पनेवर आधारलेल्या 'एबेरॉन' या २००४ सालच्या कथाविश्वात राक्षस हे मानवपूर्व युगातील सत्ताधारी आहेत. त्यांचे अधिपती प्राचीन युद्धात बंदिस्त झाले, आणि उरलेले राक्षस रूपे बदलून राज्याराज्यांत वावरत त्यांच्या सुटकेची वाट पाहत आहेत. त्यांना बांधून ठेवणारे पंखधारी सर्प मध्य अमेरिकेच्या पुराणांतून घेतलेले आहेत. दोन दूरच्या परंपरांची ही सोयरीक विचित्र वाटली, तरी तिने राक्षसाला स्वामी, पराभव आणि प्रतीक्षा दिली. इतिहास मिळाल्याबरोबर राक्षस पुन्हा बोलण्याजोगा झाला. त्याला विवेक मात्र तेथेही मिळाला नाही.

६

इतके दोष दाखविल्यावर या खेळाने राक्षसाला काहीच दिले नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो अन्यायाचा होईल. रामायण ऐकणाऱ्याला पर्णकुटीच्या दारातील परिव्राजक रावण आहे हे आधीच ठाऊक असते. सीतेला ते ठाऊक नसते. श्रोत्याची व्याकुळता या दोन ज्ञानांतील अंतरातून येते. तो सीतेसाठी भितो, सीतेच्या जागी बसून भीत नाही. भूमिकाखेळात सूत्रधार ज्या आवाजात वृद्ध मित्राचे बोलणे करतो, त्याच आवाजात राक्षसाचेही करतो. समोर चित्र नसते, रंगभूषा नसते. खेळाडूला खरोखरच ठाऊक नसते की बोलत आहे तो कोण. फसवणूक उघड झाली म्हणजे जो धक्का बसतो तो त्याचा स्वतःचा असतो, कारण दार त्यानेच उघडलेले असते. कामरूपित्वाचा असा अनुभव श्रवणाने वा वाचनाने येत नाही. दूरचित्रवाणीच्या एका भागातून उसना घेतलेला हा एकच गुण खेळाच्या मूळ प्रकृतीशी इतका जुळला की, बाकी सर्व गळून पडले तरी राक्षस टिकला. येथे व्याघ्रमुखाचीही अडचण होत नाही. किंबहुना खेळ चांगला चालला असेल, तर ते मुख अखेरच्या क्षणापर्यंत कोणाला दिसतच नाही.

म्हणून मूळ परंपरेशी प्रामाणिक राहिले नाही, एवढ्याच कसोटीवर या प्रतिमेचा निवाडा करणे पुरेसे नाही. परंपरेने स्वतःच ऋग्वेदातील निनावी यातूपासून लंकेच्या वेदज्ञ राजापर्यंत राक्षसाला बदलले. बदल हा दोष नव्हे. दोष असेल तर तो बदलाच्या दिशेत आहे. भारतीय वाङ्मयाने राक्षसाच्या रूपाला अनिश्चित ठेवले आणि त्याच्या मनाला निवडीचे स्वातंत्र्य दिले. खेळाच्या सारणीने नेमके उलट केले : रूप निश्चित केले आणि मनाच्या रकान्यात एक कायमचा शब्द भरला.

या दोहोंतील अंतर मोजण्यास मारीचाचे उदाहरण पुरेसे आहे. कामरूप्यांचा तो आदर्श. त्याच्या मृगरूपाने रामालाही आश्रमापासून दूर नेले. परंतु ते रूप घेण्यापूर्वी अरण्यकांडात तो रावणाला सविस्तर उपदेश करतो : परस्त्रीचे हरण करू नको, रामाचे बळ मी अनुभवले आहे, यात तुझा व लंकेचा नाश आहे. रावण ऐकत नाही, उलट त्यालाच मारण्याची धमकी देतो. दोन्हीकडे मरण दिसल्यावर मारीच रावणापेक्षा रामाच्या हातचे मरण पत्करतो आणि मृग होऊन निघतो. त्याचे रूप खोटे आहे, सल्ला खरा आहे. तो अपराधी आहे आणि आपला अपराध जाणतो. असा प्राणी कोणत्या रकान्यात लिहावा, याचे उत्तर आजवरच्या कोणत्याही आवृत्तीच्या सारणीत सापडत नाही. ज्या खेळात सूत्रधाराला कोणाच्याही तोंडून बोलता येते, त्यात मारीचाचे हे भाषण होऊ नये असे मात्र काही कारण नाही. त्यासाठी सारणी मिटून त्या क्षणी राक्षसाला बोलू देणारा सूत्रधार हवा.